कर्ज हलवावं का? मावशीचा प्रश्न आणि तीन टक्क्यांचा हिशेब

मागच्या महिन्यात मिरजेहून मावशीचा फोन आला. "अगं, तू त्या कर्जांवरच पीएचडी करतेस ना? मग मला एक सांग. एक बँक साडेनऊ टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. मी साडेबारा भरतेय. हलवू का?"

मी म्हणाले, "मावशी, कागद पाठव." कारण या प्रश्नाला "हो, हलव" असं उत्तर देणं फार सोपं आहे आणि बऱ्याचदा ते अपुरं असतं. दोन संध्याकाळी बसून आम्ही हिशेब केला आणि निघालेलं उत्तर माझ्याही अपेक्षेपेक्षा वेगळं होतं. म्हणून हा लेख. तुमचं एखादं जुनं घर किंवा गाळा दुरुस्त करून भाड्याने दिलेला असेल आणि त्यावर व्यावसायिक कर्ज चालू असेल, तर आकडे बदलून हाच हिशेब तुम्हालाही करता येईल. मावशीच्या परवानगीने तिचे आकडे थोडे गोल करून देते आहे.

आधी गोष्ट काय आहे ते

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. काकांचं वडिलोपार्जित दुमजली घर दवाखान्यांच्या रस्त्यालगत होतं, पण रिकामं आणि गळकं. २०२३च्या सुरुवातीला त्यांनी ते नीट करायचं ठरवलं. नवा स्लॅब, जिना, वायरिंग, लिफ्ट. खाली औषधांचं दुकान आणि पॅथॉलॉजी लॅब, वर डॉक्टरांच्या खोल्या. त्यासाठी ६० लाखांचं कर्ज लागलं. पण तेव्हा भाडं शून्य होतं. बँकेने विचारलं, "हप्ता कुठून भरणार?" याला उत्तर नव्हतं. शेवटी एका वित्त कंपनीने घर तारण ठेवून १२.५ टक्के बदलत्या दराने १० वर्षांसाठी कर्ज दिलं. हप्ता ८७,८२६ रुपये.

आज परिस्थिती वेगळी आहे. इमारत भरलेली आहे, महिन्याला १ लाख ४० हजार भाडं येतं. ३६ हप्ते वेळेवर गेलेत आणि शिल्लक मुद्दल साधारण ४९ लाख आहे.

दुरुस्तीच्या काळातलं कर्ज महाग का असतं, ते इथे दिसतं. देणाऱ्याला तेव्हा फक्त पडकं घर आणि तुमचा शब्द दिसतो. काम पूर्ण होऊन भाडेकरू बसले की तीच मालमत्ता त्याच्या लेखी कमी जोखमीची होते. कमी जोखमीला कमी दर मागणं यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की तो दर मिळवण्यासाठी किती मोजावं लागतं.

नवी बँक काय बघते?

ढोबळमानाने तीन गोष्टी.

पहिली, भाड्यातून हप्ता किती वेळा भागतो. मावशीचं वर्षाचं भाडं १६.८ लाख. त्यातून घरपट्टी, देखभाल, विमा आणि मध्ये एखादी खोली रिकामी राहील त्याची तरतूद मिळून २.४ लाख वजा केले की १४.४ लाख उरतात. वर्षाचे हप्ते १०.५४ लाख. १४.४ भागिले १०.५४ म्हणजे १.३७. हा आकडा १ च्या खाली गेला की हप्ता खिशातून भरावा लागतो.

दुसरी, भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तोंडी ठरलेलं भाडं किंवा साध्या स्टॅम्पपेपरवरचा कागद बँकेच्या हिशेबात फारसा धरला जात नाही. करार किती वर्षं उरला आहे आणि भाडेकरूला मध्येच सोडता येतं का, हेही बघतात.

तिसरी, इमारतीचं मूल्य. इथे बरेच जण फसतात. "मी ६० लाख घातले, म्हणजे किंमत ६० लाखांनी वाढली" असं होत नाही. मूल्यांकन करणारा मंजूर नकाशा, वापरबदलाची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागतो. परवानगीशिवाय वाढवलेली खोली भाडं देत असली, तरी मूल्यांकनात ती धरली जाईलच असं नाही. मावशीकडे महापालिकेचे कागद होते, कारण काका या बाबतीत भलते काटेकोर. तुमच्याकडे नसतील तर दराची चौकशी नंतर करा, आधी ते काम बघा.

आता खर्च

मावशीच्या जुन्या करारात मुदतपूर्व फेडीवर ४ टक्के शुल्क लिहिलं होतं. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ मध्ये यावर नवे निर्देश काढले. बदलत्या दराच्या कर्जावर, कर्जदार व्यक्ती असेल किंवा सूक्ष्म-लघु उद्योग असेल, तर व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जालाही व्यापारी बँका आणि सर्वात मोठ्या गटातल्या वित्त कंपन्या असं शुल्क लावू शकत नाहीत. स्मॉल फायनान्स बँका आणि मधल्या गटातल्या वित्त कंपन्या अशा काही संस्थांना मात्र ही बंदी ५० लाखांपर्यंतच्या मंजूर कर्जालाच आहे. पण खरी मेख तारखेत आहे. हा नियम १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू होतो. मावशीचं कर्ज २०२३चं. म्हणजे तिला जुना करारच लागू.

एक गोष्ट मात्र जरूर तपासा. तुमच्या मंजुरीपत्रात कर्जाचा हेतू काय लिहिलाय? व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जाला बँका आणि वित्त कंपन्यांनी हे शुल्क लावायचं नाही, हा नियम २०२६च्या आधीपासून आहे. मावशीच्या पत्रात "व्यावसायिक मालमत्तेचं नूतनीकरण" असं स्पष्ट होतं, त्यामुळे ती वाट बंद झाली.

तर खर्चाची यादी अशी:

- ४९ लाखांवर ४ टक्के शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी: सुमारे २ लाख ३१ हजार
- नव्या बँकेचं प्रक्रिया शुल्क ०.५ टक्के, अधिक जीएसटी: सुमारे २९ हजार
- मूल्यांकन, वकिलाचा शोध अहवाल, गहाणखताचा मुद्रांक आणि नोंदणी वगैरे: ४० हजार धरले

एकूण ३ लाख. म्हणजे शिल्लक कर्जाच्या ६ टक्क्यांहून थोडे जास्तच.

नवी बँक तुम्हाला एक मुख्य तथ्य विवरणपत्र देते. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघु उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांना ते बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर दिलेला असतो, तो नीट वाचा. पण लक्षात ठेवा, जुन्या संस्थेला तुम्ही भरणार असलेले २ लाख ३१ हजार त्या कागदावर नसतात. ते नव्या बँकेचं शुल्कच नाही ना! तो आकडा तुम्हालाच जोडायचाय.

फायदा किती?

उरलेली मुदत तीच, म्हणजे ८४ महिने, ठेवली तर ९.५ टक्क्यांनी हप्ता ८०,०९६ रुपये होतो. महिन्याला ७,७३० वाचले. गुणिले ८४, साधारण साडेसहा लाख. बँकेचा माणूस हाच आकडा मावशीला सांगून गेला होता.

त्यातून ३ लाख खर्च वजा करा. उरले साडेतीन लाख. पण खर्च आज एकरकमी आणि बचत सात वर्षांत थोडी थोडी. सात वर्षांनंतरचे ७,७३० आणि आजचे ७,७३० सारखे नाहीत. साडेनऊ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं तर सगळी बचत ४.७३ लाख भरते आणि खर्च वजा जाता उरतात फक्त १.७३ लाख. साडेसहाचे पावणेदोन झाले. तरी फायदाच आहे, पण फोनवर ऐकू आला तेवढा नाही.

मग खर्च कधी वसूल होतो? ३ लाख भागिले ७,७३० केलं तर ३९ महिने येतात. मात्र हे उत्तर अर्धवट आहे. कमी व्याजात मुद्दलही जरा लवकर फिटतं, त्यामुळे मध्येच कर्ज बंद करायची वेळ आली तर शिल्लकही कमी असते. ते धरलं तर खर्च सत्ताविसाव्या महिन्यात वसूल होतो. म्हणजे दोन वर्षांत इमारत विकायचा विचार असेल तर हलवू नका. पाच वर्षं ठेवायचीच असेल तर विचार करायला हरकत नाही.

आणखी एक कात्री कराची. भाड्याच्या उत्पन्नातून व्याजाची वजावट मिळते. व्याज कमी झालं की वजावटही कमी होते. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचलेल्या १०० रुपये व्याजातले तीसेक रुपये करात जातात. मुदतपूर्व शुल्काची वजावट मिळते का, हे तुमच्या सीएला विचारून ठेवा.

संशोधन काय म्हणतं?

माझ्या विषयातले दोन निबंध इथे कामाला येतात. दोन्ही अमेरिकेतल्या गृहकर्जांवरचे आहेत, पण तर्क आपल्यालाही लागू पडतो.

बेंजामिन कीज, डेव्हिन पोप आणि जॅरन पोप यांनी २०१६ मध्ये दाखवलं की डिसेंबर २०१० मध्ये ज्या कुटुंबांना कर्ज बदलणं शक्य आणि फायद्याचं होतं, त्यातल्या सुमारे २० टक्के कुटुंबांनी ते केलंच नव्हतं. मधल्या कुटुंबाचे महिन्याला १६० डॉलर त्यामुळे वाया जात होते. कारण? आळस, कागदपत्रांचा कंटाळा, "यात काहीतरी गोम असणार" ही शंका. म्हणजे पहिली चूक ही की काहीच न करणं.

दुसरा निबंध सुमित अगरवाल, जॉन ड्रिस्कॉल आणि डेव्हिड लेब्सन यांचा, २०१३चा. त्यांचं म्हणणं उलट बाजूचं आहे. खर्च वसूल होतो एवढं दिसलं म्हणून लगेच कर्ज बदलू नये. कारण आज बदललं की "उद्या याहून चांगला दर आला तर बदलीन" हा हक्क तुम्ही वापरून टाकता, आणि त्या हक्कालाही किंमत असते. त्यांच्या हिशेबात दरातला फरक बहुतेक वेळा १ ते २ टक्के असल्याशिवाय हलू नये. मावशीचा फरक ३ टक्के आहे, पण तिचा खर्चही त्यांच्या उदाहरणांपेक्षा बराच मोठा आहे.

एक फरक मात्र सांगायला हवा. अमेरिकेत व्यावसायिक इमारतीचं कर्ज बहुतेकदा पाच ते दहा वर्षांनी एकरकमी संपतं, तर हप्ते पंचवीस-तीस वर्षांच्या हिशेबाने बसवलेले असतात. त्यामुळे तिथे नवं कर्ज घेणं ही सक्ती असते. आपल्याकडे हप्त्यांतच मुद्दल फिटत जातं. हलवणं ही आपली निवड आहे आणि म्हणूनच घाई करायचं कारण नाही.

तिसरा पर्याय, जो कोणी सांगत नाही

मी मावशीला म्हणाले, "नव्या बँकेचं पत्र घे आणि जुन्या संस्थेला लेखी विचार, तुम्ही किती कमी करता?"

आठ दिवसांनी उत्तर आलं. १०.७५ टक्के, दर बदलण्याचं शुल्क ०.५ टक्के आणि जीएसटी, म्हणजे सुमारे २९ हजार. मावशी नाराज. "साडेनऊ कुठे आणि पावणेअकरा कुठे!"

आता बघा. १०.७५ टक्क्यांनी ८४ महिन्यांचा हप्ता ८३,२६९. महिन्याला ४,५५७ वाचतात. सात वर्षांत ३.८३ लाख, शुल्क वजा जाता ३.५४ लाख. नव्या बँकेकडे गेलं तर उरत होते ३.४९ लाख. जवळजवळ सारखंच! आणि आजच्या किमतीत मोजलं तर जुन्या ठिकाणी अडीच लाख, नव्या ठिकाणी १.७३ लाख. सव्वा टक्का महाग असलेला दर जास्त पैसे वाचवतो, कारण खर्च एक दशांश आहे आणि तो अर्ध्या वर्षात वसूल होतो.

पण थांबा, नव्या बँकेच्या बाजूनेही दोन मुद्दे आहेत.

एक, दर कशाला जोडलाय. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना किरकोळ आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात. वित्त कंपन्यांना हे बंधन नाही. रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर गेला आणि डिसेंबर २०२५ पर्यंत ५.२५ वर आला. मावशीचा १२.५ मात्र मागितल्याशिवाय हलला नाही. अर्थात रेपोला जोडलेला दर वरही तितक्याच वेगाने जातो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहाच महिन्यांत रेपो अडीच टक्क्यांनी चढला होता, हेही विसरू नका.

दोन, नवं कर्ज २०२६ मधलं असल्यामुळे त्यावर मुदतपूर्व शुल्क नसेल. पुढे दर घसरले किंवा इमारत विकायची झाली, तर तिथून सुटणं फुकट. वर म्हटलेला तो हक्क नव्या कर्जाबरोबर मोफत मिळतो.

हप्ता कमी, मुदत लांब

नव्या बँकेने आणखी एक गाजर दाखवलं होतं. मुदत पुन्हा १० वर्षं करा, हप्ता ६३,४१३ वर येईल. महिन्याला २४ हजारांची सुटका! पण ६३,४१३ गुणिले १२० म्हणजे ७६.१ लाख. आज आहे तसंच चालू ठेवलं तर ८७,८२६ गुणिले ८४ म्हणजे ७३.८ लाख. दर तीन टक्के कमी होऊनही एकूण भरणा सव्वादोन लाखांनी जास्त, आणि वर ते ३ लाख खर्च.

मग लांब मुदत वाईटच का? नाही. समजा उद्या पॅथॉलॉजी लॅब सोडून गेली. तिचं महिन्याचं भाडं ४५ हजार. वर्षाचे १४.४ लाख ९ लाखांवर येतील. आजच्या हप्त्याशी गुणोत्तर ०.८५, साडेनऊ टक्के आणि सात वर्षांच्या हप्त्याशी ०.९४, आणि दहा वर्षांच्या हप्त्याशी १.१८. म्हणजे फक्त शेवटच्या पर्यायात मावशीला पेन्शनमधून पैसे घालावे लागणार नाहीत. एकाच भाडेकरूवर तुमचं एक तृतीयांश भाडं अवलंबून असेल तर ही सुरक्षितता काही किमतीची आहे. मुदतपूर्व शुल्क नसेल तर मुदत लांब घ्या आणि चांगल्या वर्षी जास्त भरा. शिस्त नसेल तर हा सल्ला विसरा.

आणि टॉप-अप? "इमारतीची किंमत वाढलीय, अजून १५ लाख घ्या" असं सांगतीलच. जुनं कर्ज फेडण्यापुरत्या नव्या कर्जावरचं व्याज भाड्यातून वजा करता येतं, हे आयकर खात्याने १९६९च्या परिपत्रकातच मान्य केलंय. पण टॉप-अप मुलाच्या लग्नाला किंवा गाडीला गेलं तर त्या भागाच्या व्याजाची ही वजावट नाही. पैसा इमारतीत गेला असेल तर बिलं जपून ठेवा.

निघण्याआधी विचारायचे प्रश्न

- मुदतपूर्व फेडीचं शुल्क किती, कशावर, जीएसटी धरून? लेखी घ्या.
- जुनी संस्था दर कमी करते का? त्याला ती नूतनीकरण मानते का? मानत असेल तर तिला २०२६चा नियम लागू होतो का, हे लेखी विचारा.
- नवा दर कशाला जोडलाय आणि वरचा अधिभार किती?
- कर्जाबरोबर विमा घ्यायची सक्ती आहे का, की तो ऐच्छिक आहे?
- फेड झाल्यावर मूळ कागद किती दिवसांत मिळतील आणि सर्सायवरचा बोजा कोण उतरवणार?

मावशीने काय केलं? ती म्हणाली, "इमारत विकणार नाही, पण लॅबचा करार पुढच्या वर्षी संपतोय. तो परत होईपर्यंत मला नवी भानगड नको." तिने १०.७५ स्वीकारलं, लेखी घेतलं, आणि कॅलेंडरवर पुढच्या एप्रिलपुढे खूण केली. तोवर शिल्लक आणखी उतरलेली असेल, त्यावरचं चार टक्के शुल्कही कमी असेल, आणि लॅब राहिली की गेली ते कळलेलं असेल. तेव्हा हिशेब परत मांडायचा. हप्त्यातून वाचणारे साडेचार हजार ती वेगळ्या खात्यात टाकते आहे. लॅब गेलीच, तर पहिल्या धक्क्याला ते पुरावेत म्हणून.

तुमचे आकडे वेगळे असतील, उत्तरही वेगळं येईल. दराचा फरक ऐकून हो म्हणण्याआधी एक कागद आणि कॅल्क्युलेटर घ्या, एवढंच सांगणं.